जुन्या मैफलींच्या कॅसेट डिजिटल करताना

घरोघरच्या कपाटांत अजूनही कॅसेटचे खोके पडून आहेत. गणेशोत्सवातलं गाणं, देवळातलं कीर्तन, कुणाच्या दिवाणखान्यात रंगलेली बैठक, आजीने म्हटलेल्या ओव्या. दुकानातून घेतलेली कॅसेट आणखी कुणाकडे तरी सापडेल, पण घरी भरलेल्या कॅसेटची दुसरी प्रत बहुधा नसतेच. म्हणून ती उतरवायची तर नीट उतरवायला हवी. इथे बरेच जण चुकीच्या ठिकाणी पैसे घालतात: महागडं साउंड कार्ड, १९२ किलोहर्ट्झ (आवाजाची सेकंदाला १,९२,००० वेळा मोजणी), आवाज ‘स्वच्छ’ करणारं सॉफ्टवेअर. खरं नुकसान त्याआधीच, फीत आणि हेड (फितीवरचा आवाज वाचणारा डेकचा भाग) जिथे एकमेकांना टेकतात तिथे झालेलं असतं. हेडचा एक स्क्रू पाव फेरा सरकलेला असला की तानपुऱ्याचं तेज जातं, आणि ते नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

फितीवर काय असतं आणि फाइलमध्ये काय येतं

फिलिप्सने १९६३ साली आणलेल्या कॅसेटमधली फीत ३.८१ मिमी रुंद असते आणि सेकंदाला ४.७६ सेंमी वेगाने सरकते. एवढ्या रुंदीत दोन बाजू आणि प्रत्येक बाजूचे दोन चॅनेल बसवायचे, म्हणून स्टीरिओतल्या एका चॅनेलच्या वाट्याला जेमतेम ०.६ मिमी येतात. आता १०,००० हर्ट्झचा आवाज घ्या. तानपुऱ्याच्या जवारीची झळाळी, तबल्याच्या चाटेवरचा (कडेवरचा) टणत्कार याच भागात असतो. वेगाला वारंवारतेने भागलं की त्याच्या एका लाटेला फितीवर ४.७६ मायक्रॉन मिळतात, म्हणजे मिलिमीटरचा दोनशेवा भागसुद्धा नाही. अ‍ॅनलॉगमध्ये सगळं नाजूक जे असतं ते हे.

डिजिटलमध्ये याच लाटेची उंची सेकंदाला ४८,००० वेळा मोजून आकड्यांत लिहिली जाते. त्यामुळे लाट ‘पायऱ्यापायऱ्यांची’ होते, हा समज चुकीचा आहे. आकड्यांचा परत आवाज होतो तेव्हा गाळणीतून सलग लाटच बाहेर पडते, आणि ४८ किलोहर्ट्झवर २४,००० हर्ट्झच्या थोडं खालपर्यंतचा आवाज पुरता मावतो. घरगुती कॅसेटवर १५,००० च्या वर फारसं काही नसतंच. सर्वांत मोठा आवाज आणि फितीची सळसळ यांतलं अंतर साध्या कॅसेटवर ५०-५५ डेसिबल (डीबी), डॉल्बी बी ही सळसळ कमी करणारी सोय असेल तर साठीच्या आसपास. डिजिटलमध्ये प्रत्येक मोजणीला १६ बिट, म्हणजे १६ दुहेरी अंक, दिले तर ९६ डीबी मावतात. भांडं मालापेक्षा कितीतरी मोठं आहे. फितीची म्हणून जी ऊब वाटते, ती फितीवर आधीच उमटलेली असते आणि फाइलमध्ये जशीच्या तशी येते. वाईट वाजवलेली कॅसेटही तितक्याच इमानाने उतरते, हे मात्र विसरू नका.

वागण्यातला एक फरक कामाच्या वेळी सतत लक्षात ठेवायचा. फितीवर आवाज जास्त झाला तर ती हळूहळू दबते, कानाला ते पुष्कळदा गोडही लागतं. डिजिटलमध्ये शून्य डीबी, म्हणजे फाइलमध्ये मावणारा सर्वांत मोठा आवाज, ही भिंत आहे. तिथे लाटेचं डोकं सपाट छाटलं जातं आणि कर्कश तडतड ऐकू येते.

साहित्य

चांगल्या स्थितीतला, एकच कॅसेट लागणारा टेप डेक, लाइन आउट असलेला. ऑटो रिव्हर्स शक्यतो टाळा, कारण त्यात हेड फिरतं आणि दर वेळी तंतोतंत त्याच कोनात बसेल याचा भरवसा नसतो. यूएसबी लावलेले स्वस्त वॉकमनसारखे प्लेअर या कामाचे नाहीत. त्यांची चाल डगमगते आणि पुष्कळांत डॉल्बी नसतं.

त्याशिवाय लाइन इनपुट असलेला दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस (डेकचा आवाज आकड्यांत बदलून संगणकात नेणारं यंत्र), डेकच्या लाल-पांढऱ्या पिनांपासून इंटरफेसच्या जाड पिनेपर्यंतची केबल, कान झाकणारा हेडफोन, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काड्या, आणि पितळेचा किंवा प्लॅस्टिकचा बारीक स्क्रू ड्रायव्हर. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला चुंबक असला तर तो हेडला लागतो आणि सळसळ वाढते. सॉफ्टवेअर म्हणून ऑडॅसिटी पुरे, ते फुकट आहे. लॅपटॉपच्या ३.५ मिमी भोकात डेक जोडू नका. ते बहुतेक वेळा एका चॅनेलचं माइक इनपुट असतं आणि आवाज आपोआप वरखाली करत राहतं.

आधी कॅसेट तपासा

कॅसेट डेकमध्ये घालण्यापूर्वी मागच्या कडेवरच्या दोन्ही छोट्या टिकल्या मोडा. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी त्या मोडलेल्या असल्या की पुसलं जात नाही.

खिडकीतून फितीचं वेटोळं बघा. कडा गुळगुळीत, तकतकीत दिसली तर ठीक. पांढुरकी पूड किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी. कोकणात, गोव्यात, मुंबईच्या दमट घरांत हे नेहमीचं. अशी कॅसेट वाजवू नका. बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत दोनतीन आठवडे ठेवून बुरशी सुकू द्या. मग मास्क लावून, उघड्या हवेत, पूड मऊ ब्रशने झटका आणि ती कॅसेट सगळ्यांत शेवटी, वेगळ्या साध्या डेकवर घ्या. फीत वाळवायला ओव्हनमध्ये ठेवण्याचा सल्ला वाचनात येतो. तो काही ठरावीक जुन्या स्पूलच्या फितींपुरता आहे आणि तोही अचूक तापमान राखून. कॅसेटचं कवच त्यात वाकडं होईल.

पुढच्या उघड्या बाजूला, फितीच्या मागे, स्प्रिंगवर चिकटवलेला गादीचा चौकोनी तुकडा असतो. फितीला हेडवर दाबून धरण्याचं काम त्याचं. गोंद वाळून तो गळून पडलेला असला तर आवाज घुसमटलेला, आतबाहेर होणारा येतो, आणि दोष मात्र डेकला दिला जातो. कवच पाच स्क्रूंचं असेल तर उघडून तशीच गादी दुसऱ्या निकामी कॅसेटमधून काढून लावा. कवच चिकटवलेलं असेल तर ते शिवणीवर जपून फोडून फीत, दोन्ही चाकांसकट, स्क्रूच्या कवचात हलवावी लागते.

वर्षानुवर्षं पडून राहिलेली फीत घट्ट-सैल झालेली असते. कॅसेट तळहातावर दोन्ही बाजूंनी हलकेच आपटा, मग एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळा. अडत असेल तर मोटरवर जोर काढू नका, षटकोनी पेन्सिल घालून हाताने फिरवा. सी-१२० ची, म्हणजे १२० मिनिटांच्या कॅसेटची, फीत फार पातळ असते, सुमारे ९ मायक्रॉन. ती फास्ट फॉरवर्डला लावूच नका. नुसती वाजवून पुढे न्या.

डेक स्वच्छ करा

कापसाची काडी अल्कोहोलमध्ये भिजवून, पिळून, हेड आणि फीत ओढणारा चकचकीत दांडा पुसा. काडी तपकिरी येणं थांबेपर्यंत नवी नवी काडी घ्या. रबरी चाकाला सौम्य साबणाचं पाणी आणि मग कोरडी काडी. त्यावर चकाकी आली असेल, चिरा असतील तर ते बदलाच, कारण फीत तिथेच गुंतते. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट नको. त्यात कधीकधी तेलकट अंश असतो. दर पाचसहा कॅसेटनंतर हे पुन्हा करायचं, जुन्या फिती भरपूर झडतात.

वेग तपासायला ३,१५० हर्ट्झचा सूर भरलेली चाचणी कॅसेट मिळते. ती वाजवून ३,२०० दिसले तर डेक १.६ टक्के जलद आहे, म्हणजे अर्ध्या स्वराचा साधारण पाव भाग चढा. बऱ्याच डेकच्या मोटरच्या पाठीवर बारीक भोक असतं, त्यातल्या स्क्रूने वेग जुळतो. आकडा स्थिर न राहता वरखाली होत असेल तर पट्टा सैल झाला आहे. तो बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हेडचा कोन

या एका पायरीला अर्धा तास द्या. हेडमधली फट फितीच्या दिशेला अगदी काटकोनात हवी. पाच मायक्रॉनची लाट वाचायची तर फट किंचित तिरपी झाली तरी तिच्या एका टोकाला लाटेचा चढ आणि दुसऱ्या टोकाला उतार येतो, दोन्ही एकमेकांना खातात आणि वरचा आवाज मरतो. आणि तुमचा डेक बरोबर आहे की नाही हा प्रश्नच नाही. ज्या टेपरेकॉर्डरवर बैठक भरली, त्याचं हेड जितकं तिरकं होतं तितकंच तुमचं करायचं आहे. म्हणून हे प्रत्येक कॅसेटला, अनेकदा प्रत्येक बाजूला, नव्याने करावं लागतं.

डेकचं पुढचं झाकण काढा. हेडच्या दोन अंगांना दोन स्क्रू दिसतील. ज्याच्याखाली स्प्रिंग आहे तो कोनाचा. दुसरा घट्ट असतो, त्याला हात लावायचा नाही. कोनाच्या स्क्रूची मूळ जागा बारीक मार्करने खूण करून ठेवा. डॉल्बी बंद करा. दोन्ही चॅनेल एकत्र करून ऐका. पुष्कळ इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरला मोनोचा पर्याय असतो. आता जिथे तानपुरा आणि तबला दोन्ही चालू आहेत असा भाग लावा आणि स्क्रू अष्टमांश फेऱ्याने डावीकडे, उजवीकडे फिरवत राहा. एका जागी आवाजावरचं पांघरूण काढल्यासारखं होईल, सळसळसुद्धा अधिक टोकदार ऐकू येईल. तिच्या दोन्ही बाजूंना आवाज मंद होतो. ती मधली जागा तुमची.

कानावर विश्वास नसेल तर डोळ्यांनी पडताळा. अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, चाटेवरचा एखादा स्पष्ट ‘ना’ शोधा आणि नमुने, म्हणजे लाटेच्या एकेका मोजणीचे ठिपके, सुटे दिसेपर्यंत चित्र मोठं करा. घरगुती टेपरेकॉर्डर बहुतेक मोनो होते, त्यामुळे स्टीरिओ डेकवर डाव्या-उजव्या चॅनेलला एकच गाणं येतं. दोन्हींची शिखरं एकाच उभ्या रेषेवर हवीत. ९६ किलोहर्ट्झवर पाच नमुन्यांचा फरक म्हणजे ५२ मायक्रोसेकंद. असे चॅनेल एकत्र केले तर ९-१० हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो. उलट, शिखरं नीट जुळली असतील तर एकत्र करण्यात फायदाच आहे. गाणं दोन्हीकडे सारखं, सळसळ मात्र दोन्हीकडची निराळी, म्हणून ३ डीबी सळसळ काहीही न गमावता कमी होते.

डॉल्बीचा निर्णय यानंतरच घ्यायचा. डॉल्बी बी रेकॉर्ड करताना हलक्या आवाजातला वरचा भाग उचलून भरतं आणि वाजवताना तेवढाच खाली आणतं. किती खाली आणायचा हे ते फितीवरून येणाऱ्या आवाजाच्या पातळीवरून ठरवतं. कोन चुकून वरचा आवाज आधीच कमी आला असेल, तर डॉल्बी त्याला आणखी दाबतं. साध्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेटला डॉल्बी नसतं. दुकानातल्या कॅसेटच्या कागदावर दोन ‘डी’ची खूण असेल तर चालू करा. घरी डेकवर भरलेल्यांना चालू-बंद करून बघा. चालू केल्यावर आवाज श्वास घेतल्यासारखा वरखाली झाला तर तो पर्याय चुकीचा.

जोडणी आणि पातळी

डेकचा लाइन आउट इंटरफेसच्या लाइन इनपुटला, हेडफोनच्या भोकातून नाही. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवा आणि डेक व इंटरफेस एकाच एक्स्टेंशन बोर्डवर ठेवा. तरीही ५० आणि १०० हर्ट्झची घुंघुं आली तर डेक ट्रान्सफॉर्मरपासून, पंख्याच्या रेग्युलेटरपासून लांब न्या. ही घुंघुं मागाहून कापून काढू म्हणू नका. काळी एकच्या (पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) पुरुष गायकाचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झवर आणि मध्य षड्ज १३९ वर असतो. ५० आणि १०० वर रुंद कात्री चालवली की तानपुऱ्याचा तळ आणि डग्ग्याची घुमक त्याच्याबरोबर जातात.

ऑडॅसिटीत प्रकल्पाचा वेग ४८ किंवा ९६ किलोहर्ट्झ, नमुन्याचा प्रकार ३२ बिट फ्लोट, दोन चॅनेल. संगणकाच्या ध्वनी सेटिंगमध्ये त्या इंटरफेसलाही हाच वेग द्या आणि सगळ्या ‘एन्हान्समेंट’ बंद करा. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शनानुसार किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट हवेत. घरच्या कामाला तेवढे खरोखर पुरतात, जागा असेल तर ९६ घ्या. १९२ नुसतीच जागा खातात. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, स्टीरिओ म्हणजे मिनिटाला सुमारे १७ एमबी, सी-९० ला दीड जीबी. ९६ ला याच्या दुप्पट.

पातळी ठरवताना कॅसेटची सुरुवात ऐकू नका. ख्याल विलंबितातून द्रुतकडे चढत जातो, त्यामुळे बाजूच्या शेवटाकडे जा, तराणा किंवा तिहाईचा भाग लावा आणि सर्वांत उंच शिखर उणे १२ ते उणे ६ डीबीच्या दरम्यान ठेवा. इतकी जागा सोडल्याने काही बिघडत नाही. एक बिट म्हणजे साधारण ६ डीबी. १२ डीबी सोडले तरी २२ बिट उरतात, आणि कॅसेटला दहाच पुरतात.

लॅपटॉपची झोप, वाय-फाय, सूचनांचे आवाज बंद करा. आधी रेकॉर्ड सुरू करा, मग डेक. पूर्ण बाजू एका दमात घ्या आणि हेडफोन लावून बसून राहा. मध्येच आवाज मंद झाला तर हेडवर मळ बसला आहे: थांबा, पुसा, ती बाजू पहिल्यापासून पुन्हा घ्या. झाल्यावर लगेच २४ बिट वेव्ह फाइल करा. ही मूळ प्रत. हिच्यावर कुठलाही इफेक्ट लावायचा नाही.

पट्टी जुळवणं

बैठका बऱ्याचदा सेलवर चालणाऱ्या टेपरेकॉर्डरवर भरल्या जात. सेल उतरले की मोटर मंदावते, आणि मंद भरलेली फीत योग्य वेगाने वाजवली की सूर चढतो. ४.७६ ऐवजी ४.५ सेंमीने भरलं गेलं असेल तर जवळजवळ एक पूर्ण पट्टी: काळी एक पांढरी दोन होते, आवाज कोवळा आणि घाईचा लागतो.

फितीवर उमटलेली विजेची ५० हर्ट्झची घुंघुं मोजून वेग काढायची युक्ती परदेशी रेकॉर्डिंगला छान लागू पडते. आपल्याकडच्या १९८०-९० च्या दशकांतल्या कॅसेटला ती लावू नका. त्या काळी विजेची टंचाई असली की वारंवारता ४९ च्याही खाली जात असे. भरवशाची साक्षीदार पेटी. साथीची पेटी ठरलेल्या सुरांवर असते; तिच्या मधल्या सप्तकात काळी एकचा षड्ज, गायकाच्या १३९ च्या दुप्पट, २७७ हर्ट्झच्या जवळपास मिळायला हवा. गायकाची पट्टी माहीत असेल किंवा कॅसेटच्या कागदावर लिहिलेली असेल तर शंकाच उरत नाही. पेटीचा लांब धरलेला षड्ज निवडा, ऑडॅसिटीत ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ने मोजा, बाजूच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी. तिन्हीकडे सारखाच चढा असेल तर सगळी बाजू एकाच टक्केवारीने उतरवा. एक पट्टी चढलेली असेल तर उणे ५.६ टक्के. वेग आणि सूर दोन्ही एकत्र बदलणाराच इफेक्ट वापरा. फक्त सूर बदलणारा घेतलात तर लय चुकीचीच राहते. शेवटाकडे सूर चढत गेला असेल तर तुकडे करून वेगळी वेगळी टक्केवारी लावावी लागते. वीसेक सेंटपर्यंतच्या (एका पट्टीचे शंभर सेंट) फरकाला हात लावू नका, पेटीच तेवढी इकडेतिकडे असू शकते. आणि हे सगळं मूळ फाइलवर नाही, तिची वेगळी नक्कल करून तिच्यावर.

सळसळ काढण्याचा मोह

सळसळ काढणारं सॉफ्टवेअर सतत, एकसारखा चालणारा आवाज ओळखून तो वजा करतं. आपल्या संगीतात सतत, एकसारखा चालणारा आवाज कोणता? तानपुरा. त्यामुळे पाश्चात्त्य गाण्यांसाठी सांगितलेली सेटिंग इथे जशीच्या तशी चालवली की जवारीचे वरचे स्वर आधी जातात, मग उरलेल्यांत पाण्याखाली बोलल्यासारखी गुळगुळ येते आणि गायकाचे ‘स’ बोथट होतात.

करायचंच तर नमुना अशा दोनतीन सेकंदांतून घ्या, जिथे रेकॉर्डिंग सुरू झालं आहे पण तानपुरा छेडलेला नाही. कोऱ्या फितीची सळसळ चालणार नाही, ती भरलेल्या फितीपेक्षा वेगळी असते. कमी करण्याचं प्रमाण ६ डीबी, त्याहून जास्त नाही. मग ‘रेसिड्यू’ निवडून काय काढलं जातंय तेवढंच ऐका. त्यात नुसती फुसफुस असेल तर ठीक. तानपुऱ्याची किंचितही छटा ऐकू आली तर रद्द करा.

जतन

फाइलला तारीख, कलाकार, राग, कॅसेटचा क्रमांक आणि बाजू या क्रमाने नाव द्या. कागदावर लिहिलेलं सगळं, दोन्ही बाजूंनी, फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. साथीदारांची नावं, गाव, कुणाच्या घरी, हे आज सांगणारं कुणी असेल तर आजच विचारून लिहा. मूळ वेव्हच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या घरी. नातेवाइकांना पाठवायला ३२० केबीपीएसची एमपी३ वेगळी करा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ती डॉक्युमेंट म्हणून जोडा. इंटरनेटवर चढवण्याआधी कलाकाराची किंवा त्यांच्या घरच्यांची परवानगी घ्या. घरातल्या बैठकीचं रेकॉर्डिंग आपल्याजवळ आहे म्हणून ते प्रसिद्ध करण्याचा हक्क आपला होत नाही.

कॅसेट टाकू नका. एक बाजू पूर्ण वाजवून, फीत मऊ गुंडाळलेल्या अवस्थेत ठेवून, डबीत उभी ठेवा. स्पीकरजवळ नको, भिंतीला टेकलेल्या कपाटाच्या तळाशी नको. डबीत डेकच्या स्क्रूची नोंद असलेली चिठ्ठी घाला: मूळ खुणेपासून किती फिरवला, कुठल्या दिशेला, डॉल्बी चालू की बंद.